चौथी रास

फेरो बेटांवर, क्लाक्सविकच्या धक्क्याला लागून
मासळीचा कारखाना आहे. तिथे कॅमेरा लावलेलं एक यंत्र.
पट्ट्यावरून येईल तो मासा बघायचा
आणि तीनपैकी एका कप्प्यात ढकलायचा:
कॉड. हॅडॉक. बाद.
त्याला शिकवलेलं एवढंच.

फेब्रुवारीत वारा असा की बोटी तीन दिवस खाडीत अडकलेल्या.
चौथ्या दिवशी माल आला खच्चून
आणि पट्ट्याच्या पार टोकाला, जिथे कप्पाच नाही,
तिथे यंत्र मासे सोडू लागलं.
ओल्या फरशीवर. सगळे नाहीत.
शंभरात दोन.

रेगिन म्हणाला, बिघाड.
(रेगिन आमचा पाळीप्रमुख. तक्त्यात नाही तो बिघाड.
त्याची बायकोही दोन वर्षं बिघाडच होती,
मग ती डेन्मार्कला निघून गेली.)

मारयुन वाकली.
एकतीस वर्षं सुरी चालवलेली बाई.
त्या ढिगात कॉड होते, हॅडॉक होते,
लहान, थोराड, नर, मादी,
एकाचा दुसऱ्याला मेळ नाही.
तिनं एक उचलला, कल्ल्यामागून अंगठा फिरवला,
ठेवला. दुसरा उचलला.
मग म्हणाली, "हो की."

काय हो की?

"सांगता नाही यायचं. पण हे एकत्रच आहेत."

तोर्सहाव्नहून हानुस आला लॅपटॉप घेऊन.
त्याला काही वाटत नसतं, म्हणाला,
आकडे आत जातात, आकडे बाहेर येतात.
मारयुननं त्याच्या कॉफीत साखर घातली
आणि विचारलं, "तुझ्यात काय जातं?"

नोंदवही माझ्याकडे. लिहायची त्यांच्या भाषेत,
अडले मात्र माझ्या भाषेत.
यंत्राने मासे वेगळे काढले. इथवर ठीक.
यंत्राला मासे वेगळे वाटले.
इथे पेन थांबलं.
'ने' सगळ्यांना चालतो, वाऱ्यालाही, गंजालाही.
'ला' तसा कुणालाही लावता येत नाही.
सुचतं, आठवतं, पटतं, उमजतं:
यांत कुणी काही करत नसतं,
फक्त कुणीतरी असावं लागतं,
ज्याच्या दारात ते येऊन उभं राहील.
मला सुचलं म्हणते तेव्हा मी तरी काय केलेलं असतं?
दार उघडं होतं, एवढंच.
आणि दुसऱ्याच्या घराला दार आहे की नुसती भिंत रंगवलीय
हे रस्त्यावरून कसं कळावं.

हानुसला चाळीस मिनिटं लागली.
पिवळा पत्रा तोच. नंबराची पट्टी तीच.
रेगिननं फोर्कलिफ्ट घासून पाडलेला ओरखडाही तोच.
घरघर सुद्धा.
चौथी रास तेवढी नाही.
सगळं जागेवर, मग गेलं कोण?
मी 'दुरुस्त' असं लिहिलं.
दुसरं काही लिहावं तर
जन्माची नोंद तरी कुठे केली होती.

मार्चमध्ये मारयुनच्या टेबलाखाली एक निळा टब आला.
कुणी बघत नसलं की कल्ल्यामागे अंगठा,
आणि मासा टबात.
शंभरात दोन.
"आता दिसतं," म्हणाली.
"एकतीस वर्षं माझ्या हातांखालून गेलं, दिसलं नाही."
मग हे तुझं का?
"छे, माझं कसं?"
हानुसला फोन केला. तो म्हणाला, यंत्राचं तर मुळीच नाही.
म्हणजे कुणालाच सुचलेलं नसलेलं काहीतरी
टबात साठतंय, बर्फाखाली,
आणि वजन भरतंय.

काल तिची भाची सुन्वा, नवी आहे अजून,
तिनं टबात एक कॉड टाकला.
मारयुननं मान न वळवता हात घालून तो काढला.
"हा नव्हे."
मी ऐकलं आणि अंगावर काटा आला:
चुकता येतं म्हणजे
बरोबर असं काहीतरी तिथे आहे.

चिठ्ठी आणि मार्कर घेऊन गेले टबाकडे.
नाव काय लिहू?

"नको," मारयुन म्हणाली.
"नाव दिलंस की रेगिनला दिसेल."